ख्रिस्ती लेखकाची ईमेल यादी: आधी परवानगी, मग पत्ता

रविवारची उपासना संपते, आवारात चहा सुरू होतो आणि कुणीतरी बाजूला घेऊन विचारतं, "तुम्ही सांगितलं तशी यादी केली, दीडशे नावांची. तीन मननं (वचनांवरची छोटी चिंतनं) पाठवली. एकाचंही उत्तर नाही. काय चुकलं?" मी उलट विचारतो, पत्ते कुठून आणले? मंडळीच्या रजिस्टरमधून, शिबिराच्या नोंदणी फॉर्ममधून, तरुण संघाच्या जुन्या वहीतून. म्हणजे त्या दीडशेपैकी एकानेही "मला पाठवा" असं म्हटलेलं नसतं. त्यांच्या दृष्टीने ते पत्र नसतं, न बोलावता आलेला कागद असतो.

सोलापुरात आणि आसपास बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटला मनन, साक्ष, कविता, बालकथा लिहिणारे बरेच जण आहेत. बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते: गोळा करण्याची घाई आधी होते आणि तयारी मागे राहते. खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा. पाचवी आधी केली तर पहिलीपाशी परत यावं लागतं, आणि तोवर लोकांचा विश्वास उडालेला असतो.

व्हॉट्सअ‍ॅप असताना ईमेल कशाला, हा प्रश्न येतोच. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त २५६ माणसं बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोहोचतो. ग्रुप केला तर प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. शिवाय सकाळच्या 'सुप्रभात' चित्रांच्या ढिगात तुमचं मनन दुपारपर्यंत दिसेनासं होतं. ईमेल सापडतं, जपून ठेवता येतं आणि रात्री निवांत उत्तर देता येतं.

## पायरी १: एका वाक्याचं वचन

कुणासाठी, काय आणि किती वेळा, हे एका वाक्यात लिहा. उदाहरण देतो: "घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांसाठी, महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी, पाच मिनिटांत वाचून होईल असं एक मनन."

"आशीर्वादित ख्रिस्ती साहित्य नियमित मिळवा" हे वचन नव्हे. त्यातून वाचकाला काहीच कळत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही स्वतःवर कसलं बंधन राहत नाही.

आपल्या शहरात आणखी दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. पहिली, शब्द. कॅथलिक घरात 'मिस्सा' आणि 'फादर' म्हणतात, दुसरीकडे 'उपासना' आणि 'पाळक'. पेंटेकॉस्टल वाचकाच्या कानाला आणखी वेगळे शब्द ओळखीचे. सगळ्यांसाठी लिहायचं असेल तर कुणालाच परकं वाटणार नाही अशी भाषा घडवावी लागते आणि तिला वेळ लागतो. एका गटासाठी लिहायचं असेल तर ते वाक्यात स्पष्ट येऊ द्या, त्यात कमीपणा नाही.

दुसरी, लिपी. इथल्या पुष्कळ घरांत बोलणं तेलुगू किंवा कन्नड. शाळा मराठीत झाली असेल तर ते मराठी मनन आवडीने वाचतात. पण घरातल्या आजीला तेलुगूच वाचता येतं, किंवा काहीच वाचता येत नाही. म्हणून फॉर्मवर 'कुठली भाषा वाचता?' हा प्रश्न असू द्या. माझ्याकडे ही माहिती सुरुवातीपासून नव्हती. एक वर्षाने विचारायला गेलो तेव्हा कळलं की काही घरांत माझं पत्र मुलगी मोठ्याने वाचून दाखवते. तेव्हापासून मी वाक्यं लहान केली.

तपासा: वचनाचं वाक्य घराबाहेरच्या तिघांना वाचून दाखवा आणि विचारा, "शनिवारी तुम्हाला काय मिळेल?" तिघांची उत्तरं वेगवेगळी आली तर वाक्य पुन्हा लिहा.

## पायरी २: चार पत्रं हातात ठेवा, आणि तीही युनिकोडमध्ये

यादी उघडण्याआधी चार पत्रं पूर्ण लिहून झालेली हवीत. महिन्याला दोन म्हटलं की ही दोन महिन्यांची शिदोरी झाली. घरात लग्न निघतं, कुणी दवाखान्यात असतं, नाताळच्या गायनाचा सराव लागतो. पत्राचा शनिवार मात्र थांबत नाही.

इथली नेहमीची चूक फॉन्टची. आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षं श्री-लिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलंय, कारण छापखान्याला तेच लागायचं. तो मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की वाचणाऱ्याला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. तुमच्या संगणकावर तो फॉन्ट असल्याने तुम्हाला मात्र सगळं ठीक दिसतं, म्हणून चूक ध्यानातच येत नाही. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर सारखंच दिसणाऱ्या टायपिंगमध्ये आणा आणि मग ओळ न ओळ तपासा. रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास बिघडतात.

तपासा: मजकूर स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि फोनवर वाचा. तिथे नीट दिसला तर तो युनिकोड आहे.

## पायरी ३: पाठवणाऱ्याचा पत्ता

रोजच्या जीमेलवरून सगळ्यांना एकदम पाठवण्याचा मोह सोडा. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पाठवता येतं. पण खरा धोका मर्यादेचा नाही, हाताच्या चुकीचा आहे. पत्ते 'बीसीसी'ऐवजी 'सीसी'मध्ये पडले की प्रत्येकाचा पत्ता सगळ्यांना दिसतो. माझ्या हातून हे एकदा झालं. साठ पत्ते उघडे पडले. त्यातल्या एका ताईंच्या सासरी त्या ख्रिस्ती साहित्य वाचतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी फोन करून क्षमा मागितली, पण उघडा पडलेला पत्ता परत घेता येत नाही. म्हणून ही पायरी मी कुणालाही टाळू देत नाही.

काय करायचं ते असं:

१. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव, घ्या. खर्च वर्षाला साधारण हजार-दीड हजारांच्या आत बसतो. मंडळीच्या किंवा संस्थेच्या डोमेनवर यादी उभी करू नका. जबाबदारी बदलली की पत्ता हातचा जातो.

२. त्या डोमेनवर एक पत्ता तयार करा आणि पाठवणाऱ्याचं नाव एकदाच ठरवा. कधी 'प्रभूचा सेवक', कधी नुसतं आडनाव असं केलं तर लोक ओळखत नाहीत आणि न उघडता पुसून टाकतात.

३. मेलचिंप, मेलरलाइट, ब्रेव्हो अशा, यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळं पत्र पाठवणाऱ्या सेवांपैकी एक निवडा. मोफत योजनांच्या अटी बदलत राहतात, तेव्हा घेण्याच्या दिवशी वाचा. माझी निवड दोन गोष्टींवर ठरते: फॉर्म आणि पुष्टीचा संदेश पूर्ण मराठीत करता येतो का, आणि यादी कधीही फाइलमध्ये उतरवून घेता येते का. बाकी सजावट दुय्यम.

४. त्या सेवेतून पाठवताना 'प्रेषक' म्हणून जीमेलचा पत्ता घालू नका. पत्र येतंय सेवेच्या यंत्रावरून आणि नाव सांगतंय जीमेलचं, ही विसंगती समोरच्या यंत्राला लगेच कळते आणि पत्र स्पॅममध्ये पडतं.

५. डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदी जिथे असतात तिथे) तीन नोंदी करा. एसपीएफ म्हणजे तुमच्या नावाने कोण पाठवू शकतं त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची मोहोर. डीमार्क म्हणजे मोहोर जुळली नाही तर काय करायचं याची सूचना. मजकूर सेवाच देते, आपण तो जसाच्या तसा चिकटवायचा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या आहेत. तुम्ही तेवढे मोठे नसलात तरी करा.

सावध: एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. जुनी असताना दुसरी जोडली तर दोन्ही निकामी होतात. जुन्याच ओळीत नवी भर घाला.

तपासा: दोन दिवस जाऊ द्या, मग स्वतःच्या जीमेलवर एक पत्र पाठवा. संगणकावर ते उघडून तीन टिंबांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' निवडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे 'पास' दिसलं तरच पुढे चला.

आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. या सेवा पत्राच्या तळाशी टपालाचा पत्ता छापतात, कारण अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यात तशी अट आहे. घरचा पत्ता घातला तर तो शेकडो अनोळखी लोकांकडे जातो. एकट्या राहणाऱ्या बहिणींनी तर मुळीच घालू नये. मुख्य टपाल कार्यालयात पोस्ट बॉक्स भाड्याने घ्या, किंवा परवानगीने एखाद्या कार्यालयाचा पत्ता वापरा.

## पायरी ४: फॉर्म आणि दोनदा होकार

फॉर्ममध्ये तीनच रकाने ठेवा: नाव, ईमेल, वाचनाची भाषा. मंडळी कुठली, बाप्तिस्मा झाला का, फोन नंबर, जन्मतारीख, यातलं काहीही विचारू नका. जे विचारलं नाही ते सांभाळावंही लागत नाही. फॉर्मच्या वर पायरी १ मधलं वाक्य आणि त्याखाली ही ओळ: "तुमचा पत्ता याच पत्रासाठी वापरला जाईल, कुणालाही दिला जाणार नाही. प्रत्येक पत्राच्या तळाशी बंद करण्याची सोय आहे."

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती स्वेच्छेची, नेमक्या कामापुरती आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी, आणि देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणंही, ही त्यातली मुख्य अपेक्षा. आधीच टिक करून ठेवलेली चौकट या कसोटीला उतरत नाही.

त्याच कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. संडे स्कूलच्या मुलांसाठी गोष्टी लिहीत असाल तर यादीत मुलाचा पत्ता घेऊच नका. आईचा किंवा वडिलांचा घ्या.

आता दुसरा होकार. फॉर्म भरला की सेवा एक छोटा संदेश पाठवते, त्यातलं बटण दाबल्यावरच नाव यादीत चढतं. ही सोय चालू करा. काही नावं गळतील, गळू द्या. जो बटण दाबतो तोच पत्र उघडतो. तो संदेश मुळात इंग्रजीत असतो. तो तसाच ठेवला तर आपले वाचक "कसली तरी लिंक आलीय, फसवणूक असेल" म्हणून हात लावत नाहीत, आणि सायबर फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाचं त्यात काय चुकलं? मराठीत लिहा (चिठ्ठीचं पायरी ५ मध्ये येतं): "आपण रविवारी चर्चमध्ये चिठ्ठी भरलीत त्याचं हे पत्र. पत्रं हवी असतील तर खालचं बटण दाबा. इथे पैसे किंवा ओटीपी कधीही मागितला जाणार नाही."

बटण दाबताच स्वागताचं पत्र आपोआप जायला हवं. त्यात तुमचं एक चांगलं मनन आणि एक साधा प्रश्न ठेवा: "सध्या कुठल्या गोष्टीसाठी तुम्ही प्रार्थना करता आहात? हवं तर या पत्राला उत्तर लिहा." भेट म्हणून पीडीएफ पुस्तिका द्यायची असेल तर ती फोनवर वाचण्याजोगी करा, अक्षर मोठं आणि पान लहान. ए-फोर पानावर बारीक अक्षरातली पुस्तिका बोटांनी मोठी करून कुणी वाचत नाही.

## पायरी ५: माणसं जमवणं

पहिले वीस-पंचवीस वाचक एकेकाला विचारून मिळवा. "काकू, मी महिन्यातून दोनदा एक मनन लिहून पाठवणार आहे. तुम्हाला पाठवू का? नको असेल तर मोकळेपणी सांगा." शेवटचं वाक्य खाऊ नका. आपल्याकडे तोंडावर 'नको' म्हणायला लोक संकोचतात आणि मग पत्र न उघडता पडून राहतं.

मंडळीत जाण्याआधी पाळकसाहेबांना आणि कमिटीला अर्ध्या पानाचं पत्र द्या. चार मुद्दे पुरेत: काय लिहिणार, पैसे मागणार नाही, मंडळीचं नाव वापरणार नाही, यादी माझ्याकडेच राहील. चौथा मुद्दा आधीच लेखी असला की पुढचा अवघडलेपणा टळतो. रजिस्टरमधले पत्ते कुणी प्रेमाने देऊ केले तरी घेऊ नका. ते पत्ते लोकांनी मंडळीला दिलेत, तुम्हाला नाहीत.

सूचनांच्या वेळेसाठी दोनच ओळी द्या: "आपल्या मंडळीतील एक लेखक आजारी माणसांची सेवा करणाऱ्यांसाठी ईमेलने मननं पाठवणार आहेत. इच्छुकांनी बाहेरच्या टेबलावर चिठ्ठी भरावी." टेबलावर वही ठेवू नका, वहीत वरच्या दहा जणांचे पत्ते अकराव्याला दिसतात. एका ए-फोर कागदाच्या आठ चिठ्ठ्या कापा, प्रत्येकीवर वचनाचं वाक्य, तीन रकाने, तारीख आणि सही. भरलेल्या चिठ्ठ्यांसाठी बंद डबा. अर्पणाच्या थैलीत चिठ्ठ्या घ्यायला सांगू नका, लोकांच्या मनात दानाशी गल्लत होते.

टेबलाशी स्वतः उभे राहा, कारण पत्ते तिथेच बिघडतात. अनेकांचं ईमेल मोबाइलच्या दुकानात कुणीतरी उघडून दिलेलं असतं आणि ते काय आहे हे त्यांना आठवत नाही. अंदाजाने लिहू देऊ नका. फोनमधलं जीमेल उघडायला सांगा, कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं की पत्ता दिसतो, तो पाहून लिहायचा. जीमेलच्या पत्त्यात अधोरेखा कधीच नसते, तेव्हा चिठ्ठीवर तशी रेघ दिसली तर तिथल्या तिथे विचारा. एक आणि छोटा एल, शून्य आणि ओ, यांचीही खात्री करा. 'gmail' हा शब्द घाईत उलटसुलट लिहिला जातो, म्हणून तेवढा चिठ्ठीवर आधीच छापून ठेवला तरी चालेल. फॉर्मचा क्यूआर कोडही ठेवा, तरुण मुलं तोच वापरतात.

ऐन नाताळात किंवा ईस्टरला टेबल मांडू नका. गर्दी असते, पाहुणे असतात, चिठ्ठ्या घाईत भरल्या जातात. साधा रविवार बरा, पण सणाच्या काळाआधीचा. नाताळाआधीचा आगमनकाळ २९ नोव्हेंबर २०२६ ला सुरू होतोय, तर ८ आणि १५ नोव्हेंबरचे रविवार धरा. ईस्टरआधीचा उपवासकाळ १० फेब्रुवारी २०२७ च्या राखेच्या बुधवारपासून आहे, त्यासाठी २४ आणि ३१ जानेवारी. तोवर सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्राही सरत आलेली असते आणि शहर जरा मोकळं झालेलं असतं.

आणि पुण्याला विसरू नका. सोलापूरची कितीतरी मुलं-मुली तिकडे नोकरीला आहेत, रोज ईमेल उघडतात आणि मराठी उपासनेला मुकलेली असतात. त्यांचे पत्ते त्यांच्या आईकडून घेऊ नका. आईला फॉर्मची लिंक द्या, ती पुढे पाठवेल.

सावध: शेजारी, ऑफिसातले सहकारी, दुसऱ्या धर्माचे मित्र यांची नावं न विचारता कधीही घालू नका. आपला हेतू चांगला असला तरी समोरच्याला तो दबाव वाटू शकतो, आणि त्याची झळ अख्ख्या मंडळीला बसते. त्यांनी आपणहून मागितलं तर दार उघडं आहे.

## पायरी ६: पत्र लिहिणं आणि पाठवणं

विषयाची ओळ फोनवर तीस-चाळीस अक्षरांनंतर तुटते. 'प्रभू येशू ख्रिस्ताच्या गोड नावात सर्वांना सलाम' हा पत्राच्या आतला मजकूर झाला. वर लिहा: 'रात्री दोन वाजता, औषधाच्या वेळी'.

वर्डमधून थेट चिकटवू नका. सोबत न दिसणाऱ्या फॉरमॅटिंगचा भार येतो. जीमेल साधारण १०२ केबीनंतर पत्र कापतं आणि युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे आपली पत्रं ती मर्यादा इंग्रजी पत्रांपेक्षा लवकर गाठतात. पत्र कापलं गेलं की तळाची बंद करण्याची लिंकही दिसत नाही. साध्या मजकुराच्या रूपात चिकटवा आणि चित्र घालायचंच तर एकच.

वचनं उद्धृत करताना भाषांतराचं नाव द्या. बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या मराठी भाषांतरावर कॉपीराइट आहे. एक-दोन वचनं घेऊन त्यावर लिहिणं वेगळं आणि अख्खे अध्याय दर आठवड्याला पाठवणं वेगळं. त्यासाठी लेखी परवानगी मागा. गीतांचंही तसंच. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, म्हणून त्यांच्या अभंगांच्या ओळी मोकळ्या आहेत. आजच्या गायकाने केलेलं त्यांचं रेकॉर्डिंग मात्र मोकळं नाही.

तपासा: पाठवण्याआधी एक प्रत जुन्या अँड्रॉइड फोनवर, एक आयफोनवर आणि एक रेडिफमेलवर उघडून पाहा. आपल्या ज्येष्ठ वाचकांपैकी काही जण अजून रेडिफवर आहेत.

पहिल्या पत्राच्या दिवशी वाचकांना सांगा की पत्र स्पॅममध्ये किंवा 'प्रमोशन्स'मध्ये दिसलं तर ते मुख्य कप्प्यात आणावं आणि 'मिळालं' एवढं उत्तर लिहावं. त्या उत्तरामुळे पुढची पत्रं नीट पोहोचायला मदत होते.

## पायरी ७: उत्तरं आणि प्रार्थनेच्या विनंत्या

किती जणांनी उघडलं हा आकडा पाहून खूशही होऊ नका आणि खचूही नका. २०२१ पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप चित्रं आपोआप आधीच उतरवून घेतं, त्यामुळे न वाचलेली पत्रंही 'उघडली' म्हणून मोजली जातात. मी उत्तरं मोजतो. साठ वाचकांतून चार उत्तरं आली तर तो शनिवार सार्थकी लागला.

उत्तरांत लोक फार खोलवरचं लिहितात. नवऱ्याचं व्यसन, मुलीचं मोडलेलं लग्न, डॉक्टरांनी सांगितलेलं आणि घरात न सांगितलेलं निदान. प्रत्येकाला दोन ओळी का होईना, स्वतः लिहा. ती विनंती नाव झाकूनही पुढच्या पत्रात घालू नका. 'होटगी रोडची एक भगिनी' एवढं लिहिलं तरी आपल्या गावात ती कोण ते कळतं. कॉटेज प्रार्थनेत (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) सांगायची असेल तरी आधी त्या व्यक्तीला विचारा. कुणी जीव नकोसा झाल्याचं लिहिलं तर पत्रावर थांबू नका, त्याच दिवशी बोला आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक द्या. प्रार्थना आणि उपचार दोन्ही चालू राहू देत.

## पायरी ८: यादीची राखण

बंद करायचं म्हणणाऱ्याचं नाव लगेच काढा आणि कारण विचारायला फोन करू नका. त्याला पुढच्या रविवारी तुमच्यासमोर बसायचं असतं. ज्या पत्त्यांवरून पत्र परत आलं ते पत्ते दर महिन्याला काढा. सहा महिने ज्यांच्याकडून काहीच हालचाल नाही त्यांना एक पत्र लिहा, "अजून हवं आहे का?", आणि उत्तर नसेल तर निरोप द्या. 'स्पॅम' म्हणून होणाऱ्या तक्रारीचं प्रमाण हजार पत्रांमागे तीनच्या खाली राहिलंच पाहिजे अशी जीमेलची अट आहे. एकच्या खाली असलं तर उत्तम.

यादी मागणारेही येतील. पुस्तकविक्रेते, परिषदांचे संयोजक, आणि निवडणूक जवळ आली की आणखी वेगळे लोक. या यादीत नाव असणं म्हणजे त्या माणसाची श्रद्धा उघड होणं. ती पाळकसाहेबांनाही दाखवायची नाही, हे तुम्ही पायरी ५ च्या पत्रात लिहून दिलंय.

महिन्याच्या एक तारखेला यादीची फाइल उतरवून पासवर्ड लावून ठेवा. सेवेच्या खात्याला दुहेरी सुरक्षा चालू करा. टेबलावरच्या चिठ्ठ्या संमतीचा पुरावा आहेत, त्या पाकिटात घालून कुलपात ठेवा. वाचक यादीतून गेला की त्याची चिठ्ठीही फाडून टाका.